ताबा शिकवता येतो

संडासची कळ आली की धरवत नाही, दारापर्यंत पोहोचायच्या आत कपड्यात होते. कधी कळ न येताच लुगडे खराब झालेले दिसते. ही तक्रार ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या आरोग्य केंद्रातल्या केसपेपरवर अशा शब्दांत सहसा उतरत नाही. बाई ‘पोट बिघडलंय’ म्हणते आणि जुलाबाच्या गोळ्या घेऊन घरी जाते. पुरुष मूळव्याधीचे नाव पुढे करतो. मग लग्नाला जाणे थांबते, जत्रेला जाणे थांबते, एसटीत बसणे थांबते, आणि घरचे म्हणतात, हल्ली हिला कुठे जायला नको असते.

या दुखण्याबद्दल दोन मते सर्रास ऐकू येतात. गावात म्हणतात, वय झाले, बाळंतपणे झाली, चालायचेच. शिकलेल्या लोकांत, डॉक्टरांतही, म्हणतात की यावर बायोफीडबॅक नावाचा उपचार आहे खरा, पण तो यंत्राचा, तज्ज्ञांचा, मुंबईतल्या मोजक्या मोठ्या रुग्णालयांचा. डोळखांबच्या किंवा धसईच्या माणसाला त्याचा काय उपयोग? पहिल्या मताने रोगी वाऱ्यावर सोडला जातो, दुसऱ्याने अख्खा तालुका.

माझे म्हणणे असे आहे. मलावरचा ताबा हे शिकलेले कौशल्य आहे आणि ते गमावलेल्या बऱ्याच जणांना ते पुन्हा शिकवता येते. आपण स्नायू बरोबर आवळला की चूक, हे शिकणाऱ्याला त्याच क्षणी कळणे हा बायोफीडबॅकचा गाभा आहे. पडद्यावर रेघ काढणारे यंत्र हे ते कळवण्याचे एक साधन आहे, एकमेव साधन मुळीच नाही. एवढे पटले, तर या उपचाराची पहिली पायरी शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात, मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात, अगदी प्राथमिक आरोग्य केंद्रातही बसवता येते. ‘आमच्याकडे यंत्र नाही’ हे ती न बसवण्याचे कारण होऊ शकत नाही.

१. ताबा राहतो कसा आणि सुटतो कसा

गुदद्वाराशी स्नायूंची दोन कडी असतात. आतले कडे आपल्या इच्छेवर चालत नाही. झोपेतही ते आवळलेले असते आणि एरवीचा बहुतेक दाब तेच सांभाळते. बाहेरचे कडे आपण ठरवून आवळू शकतो. त्याच्या जरा वर स्नायूचा एक पट्टा गुदाशयाला मागून कवेत घेऊन पुढे ओढून धरतो, त्यामुळे मलाची वाट सरळ न राहता वाकलेली राहते.

गुदाशयात मल उतरला की गुदाशय ताणला जातो आणि आतले कडे आपोआप सैल पडते. ही सैलावण्याची काही सेकंदेच सगळे ठरवतात. तेवढ्यात बाहेरच्या कड्याने आवळून धरले तर गुदाशय त्या ताणाशी जुळवून घेतो, आतले कडे पुन्हा आवळते आणि कळ ओसरते. आलेला वारा आहे की मल, हेही त्याच क्षणी तिथल्या नाजूक अस्तराला समजते. म्हणजे इथे तीन गोष्टी जुळून याव्या लागतात: चाहूल लागणे, आवळण्याची ताकद असणे, आणि ती ताकद नेमक्या वेळी लावणे. लहान मूल दोन-तीन वर्षांत हे सारे शिकते आणि मग जन्मभर विसरून जाते की आपण हे कधी शिकलो होतो.

बिघाड या तिन्हींपैकी कुठेही होतो. बाळंतपणात बाळाचे डोके बाहेर येताना कडे फाटू शकते. बाळ फार वेळ अडकून राहिले तर स्नायूला हुकूम देणाऱ्या नसा ताणल्या जातात. १९९३ साली लंडनमध्ये अब्दुल सुलतान आणि सहकाऱ्यांनी पहिलटकरणींची बाळंतपणाआधी आणि नंतर सोनोग्राफी केली, तेव्हा योनिमार्गे प्रसूत झालेल्यांपैकी ३५ टक्के बायकांच्या कड्यात नव्याने पडलेली फट दिसली. बाहेरून टाके घातलेली जखम व्यवस्थित भरलेली असते, आतली फट कुणी पाहिलेली नसते. तरुणपणी बाकीचे स्नायू सांभाळून घेतात. पाळी गेल्यावर, वय झाल्यावर ते थकतात आणि तीस वर्षांपूर्वीचे बाळंतपण तेव्हा उभे राहते. मधुमेहात नसांची जाणीव बोथट होते. पक्षाघातानंतर हुकूम पोहोचत नाही. भगंदराच्या शस्त्रक्रियेत कड्याचा भाग कापला जाऊ शकतो, आणि ‘मूळव्याध-भगंदर, खात्रीशीर इलाज’ अशा रंगवलेल्या भिंतींच्या मागे काय कापले जाते याचा हिशेब कुणीच ठेवत नाही.

आणखी एक प्रकार फसवा आहे. म्हाताऱ्या माणसाच्या गुदाशयात मलाचा कडक गोळा अडकतो आणि त्याच्या कडेने पातळ पाझरत राहते. घरचे त्याला जुलाब समजतात, जुलाब थांबवणारी गोळी देतात आणि गोळा आणखी घट्ट होतो. हातमोजा घातलेले एक बोट हे दोन मिनिटांत ओळखते. ते बोट लावले जात नाही, ही या विषयातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

२. बायोफीडबॅकच्या खोलीत काय घडते

या विचाराची सुरुवात आर्नल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञापासून धरता येते. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम त्यांच्या नावाने जगभर पसरला. पण १९४८ साली त्यांनी तो मांडला तेव्हा सोबत दाब मोजणारे एक साधे उपकरणही दिले होते, हे मागे पडले. बाईने आवळले की काटा हलायचा आणि तो तिला दिसायचा. पुढे व्यायाम तेवढा उरला, काटा हरवला.

मलावरच्या ताब्यासाठी हीच कल्पना १९७४ साली बाल्टिमोरमधल्या एंगेल, निकूमनेश आणि शुस्टर यांनी वापरली. गंभीर त्रास असलेल्या सहा रोग्यांना त्यांनी शिकवले की गुदाशय ताणला जाऊन आतले कडे सैल पडेल त्याच वेळी बाहेरचे आवळायचे. पुढे सहा महिने ते पाच वर्षे लक्ष ठेवले. चौघांचा त्रास पूर्ण थांबला, दोघांचा निश्चित कमी झाला. रोगी सहाच होते; पण ‘गेलेला ताबा येत नाही’ ही समजूत मोडायला तेवढे पुरले.

आजची बैठक साधारण अशी असते. रोगी कुशीवर झोपतो. एक बारीक नळी आत सरकवतात. तिच्या टोकाला छोटा फुगा आणि अंगावर दाब टिपणारे बिंदू असतात. सिरिंजने फुग्यात थोडी हवा भरतात आणि विचारतात, काही कळले का? निरोगी माणसाला साधारण २०-३० मिलिलिटरला चाहूल लागते; रोग्याला कधी त्याच्या कितीतरी पट हवा भरेपर्यंत काही कळत नाही. मग म्हणतात, आवळा. पडद्यावरची रेघ वर चढायला हवी. पहिल्या बैठकीत बहुधा वेगळेच होते: रोगी कुल्ले आवळतो, मांड्या जुळवतो, श्वास रोखतो, पोटाने खाली जोर देतो. चेहऱ्यावर पूर्ण प्रयत्न असतो आणि रेघ जागची हलत नाही. शिकवणारा सांगतो, पोट सैल सोडा, श्वास चालू ठेवा, वारा अडवायचा आहे असे समजून आत वर ओढा. रेघ जरा उचलते. रोगी पडद्याकडे पाहतो आणि पुन्हा तेच करून बघतो. पुढच्या बैठकांत फुग्यातली हवा कमी कमी करत नेतात, म्हणजे बारीक चाहूलही कळू लागेल; आणि चाहूल लागल्याबरोबर आवळण्याची सवय लावतात. घरी रोजचा व्यायाम असतोच. अशा चार-सहा बैठका, दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला.

नुसते तोंडी सांगून हे अनेकांना जमत नाही, याचा पुरावाही आहे. १९९१ साली अमेरिकेत रिचर्ड बम्प आणि सहकाऱ्यांनी ४७ बायकांना केगेलचा व्यायाम थोडक्यात तोंडी समजावला आणि त्या तो कसा करतात हे मोजले. जेमतेम निम्म्यांनी नीट केला. चौघींत एक असे काही करत होती की त्याने त्रास वाढण्याची शक्यता होती, कारण ती आवळण्याऐवजी खाली ढकलत होती. गाणे शिकणाऱ्याच्या कानात बोळे घालून त्याला रोज रियाज करायला सांगावे, तसा हा प्रकार आहे.

३. पुरावा उलटसुलट आहे का?

वरवर पाहता आहे, आणि इथेच घाईने निष्कर्ष काढले जातात. २००३ साली लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात क्रिस्टीन नॉर्टन आणि सहकाऱ्यांनी १७१ रोग्यांचे चार गट केले. एका गटाला नर्सचा नुसता सल्ला आणि माहिती. दुसऱ्याला सल्ला आणि शिकवलेला व्यायाम. तिसऱ्याला रुग्णालयात संगणकावरचा बायोफीडबॅक. चौथ्याला शिवाय घरी वापरायचे यंत्र. चारही गटांत साधारण निम्म्या रोग्यांना बरे वाटले आणि वर्षभरानंतरही ते टिकले. यंत्राच्या गटाने बाकीच्यांवर मात केली नाही.

२००९ साली अमेरिकेत स्टीव्ह हेमेन यांच्या गटाने उलट निकाल दिला. त्यांनी आधी सगळ्यांना माहिती, आहाराचा सल्ला आणि औषधे देऊन पाहिली. तेवढ्याने साधारण पाचात एकाचे काम भागले, त्यांना वगळले. उरलेल्या १०८ जणांत बायोफीडबॅक घेतलेल्या ७६ टक्क्यांना पुरेसा आराम मिळाला, नुसता व्यायाम केलेल्यांत ४१ टक्क्यांना. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२ सालच्या आढाव्याने २१ चाचण्या आणि १५२५ रोगी एकत्र पाहून सांगितले की ठाम निष्कर्ष काढावा इतक्या त्या चांगल्या नाहीत. २०१९ साली ३०० अमेरिकन बायकांवरच्या चाचणीत एका बाजूला लोपेरामाइड ही जुलाब थांबवणारी गोळी किंवा खोटी गोळी, दुसऱ्या बाजूला बायोफीडबॅक किंवा माहितीची पुस्तिका, अशा जोड्या लावल्या. चारही गटांत सुधारणा झाली, गटागटांत लक्षणीय फरक पडला नाही.

हे आकडे पाहून कुणी म्हणेल की उपचार कुचकामी आहे. मला ते चुकीचे वाचन वाटते. या चाचण्या वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळा प्रश्न विचारत होत्या. सरसकट सगळ्यांना सुरुवातीलाच यंत्राला जोडले तर ते चांगल्या सल्ल्यापेक्षा सरस ठरत नाही, हे २००३ आणि २०१९ सांगतात. सल्ल्याने भागले नाही त्यांना मात्र नेमकी जाणीव करून देणारे प्रशिक्षण बराच फायदा देते, हे २००९ सांगते. दोन्ही निकाल एकमेकांवर रचले की पायऱ्या दिसतात: आधी विचारपूस, सल्ला, मल घट्ट करणे, हाताने तपासून शिकवलेला व्यायाम, त्यातून उरतील त्यांना यंत्र.

मुंबईतल्या डॉक्टरला या रचनेची फार गरज नाही, त्याच्या इमारतीत दोन्ही पायऱ्या आहेत. गरज आहे ती शहापूरला. कारण पहिली पायरी, जिने बऱ्याच रोग्यांचे भागते, ती वीज गेली तरी चालते.

४. हे शहापूर-मुरबाडचेच दुखणे का

ताबा सुटणे हा शहरात लाजेचा आणि सोयीचा प्रश्न असतो. इथे तो आधी पाण्याचा प्रश्न आहे. भातसा आणि तानसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातले पाडे एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहतात. ज्या घरात दिवसाचे हंडे मोजून वापरावे लागतात तिथे रोज एक जास्तीचे लुगडे, एक गोधडी धुवायची म्हणजे काय, हे गणित कुठल्याही वैद्यकीय गुणपत्रिकेत नसते. पाणी तीच बाई आणते, जिला डोक्यावर हंडा घेऊन चढ चढताना पोटावर जोर आला की नेमका ताबा सुटतो.

दुसरा प्रश्न प्रवासाचा. कसारा लोकलला शौचालय नसते. खर्डी-आटगाव-आसनगावहून कळवा, ठाणे, मुंबईला कामाला जाणाऱ्याला कळ आली तर पुढचे स्टेशन येईपर्यंत धरवले पाहिजे, आणि स्टेशनवरचे शौचालय उघडे असले पाहिजे. मुरबाडला तर रेल्वेच नाही. टोकावड्याकडून कल्याण गाठायचे ते रस्त्यानेच. अशा माणसाला ‘दर आठवड्याला मुंबईला बैठकीसाठी या’ असे सांगणे म्हणजे ज्या त्रासामुळे तो प्रवास करू शकत नाही त्याच त्रासाच्या उपचारासाठी त्याला प्रवास करायला लावणे. दर फेरीला एका दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

तिसरी गोष्ट बाळंतपणाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात जवळपास ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. ही मोठी कमाई आहे. पण राज्याच्या सरासरीत रस्ता नसलेला पाडा दिसत नाही. झोळीतून मुख्य रस्त्यापर्यंत आणलेल्या बाळंतिणीच्या बातम्या या पट्ट्यातून अजून येतात. कळा सुरू होऊन दवाखाना गाठेपर्यंत गेलेल्या तासांचा भार आई आणि बाळ दोघेही जगल्यावरसुद्धा आईच्या नसांवर राहतो. दवाखान्यात पोहोचल्यावरही फाटलेले कडे टाके घालण्याआधी बोटाने तपासले गेले का, यावर तिची पुढची तीस वर्षे अवलंबून असतात. आई वाचली, बाळ वाचले, नोंद झाली. यापुढे तिच्या शरीराची चौकशी कोणत्याही रकान्यात येत नाही.

५. आक्षेप

बायका बोलणार नाहीत. हा आक्षेप नेहमी बायकांना न विचारलेला माणूस घेतो. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांत ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले: ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. तोवर समज हाच होता की खेड्यातली बाई हे बोलत नाही, तपासू देत नाही. आडोसा मिळाला, बाईने विचारले, उपचार मिळेल अशी खात्री वाटली, तेव्हा त्या बोलल्याही आणि तपासूही दिले. त्यांचे मौन लाजेइतकेच अनुभवातून आलेले होते, कारण बोलून काही मिळत नाही हे त्यांनी पाहिले होते. प्रश्न मात्र तिच्या बोलीतला हवा: कळ आली की धरवतं का? वारा अडवता येतो का? न कळत कपडे खराब होतात का?

इथे कुपोषण आहे, सर्पदंश आहे, हे कशाला? ज्यांना या तालुक्यांची खरी काळजी आहे तेच हा आक्षेप घेतात, म्हणून त्याला गांभीर्याने उत्तर दिले पाहिजे. सर्पदंशाच्या लसीचे पैसे काढून फुगे आणा, असे कुणी म्हणत नाही. पहिल्या पायरीला लागणारे हात, हातमोजे, इसबगोल आणि खोली आधीच आहेत. लागेल तो वेळ आणि प्रशिक्षण. आणि जीव घेणारीच दुखणी तेवढी दुखणी, हा हिशेब कायम कष्टकरी बाईच्या विरोधात जातो. जी मरत नाही पण कामाला, बाजाराला, माहेरला जाऊ शकत नाही, तिचे नुकसान कुणीच मोजत नाही, म्हणून ते शून्य ठरते.

आपल्याकडे अश्विनी मुद्रा आहे, मूलबंध आहे. हे परदेशी कशाला? घेरंड संहितेतली अश्विनी मुद्रा म्हणजे गुदद्वार पुन्हा पुन्हा आवळणे आणि सोडणे, हे खरे. ज्याला ती नीट जमते त्याच्या स्नायूंना तिचा फायदा व्हायला हवा. पण बम्प यांच्या पाहणीतली अडचण इथेही तशीच उभी राहते: नीट जमते की नाही हे कसे कळणार? शिवाय आवळण्याच्या ताकदीने हरवलेली चाहूल परत येत नाही. त्यासाठी गुदाशयात ताण निर्माण करून तो ओळखायला शिकवावे लागते. हा आक्षेप घेणाऱ्यांनी लोणावळ्याकडे पाहावे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली तिथे कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात नौली या पोट घुसळण्याच्या योगक्रियेवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब खरेच कमी होतो का, हे त्यांनी दाबमापक लावून मोजले होते. योगावर पूर्ण श्रद्धा असलेल्या माणसाला शंभर वर्षांपूर्वी मोजण्यात कमीपणा वाटला नाही.

यापेक्षा शस्त्रक्रिया करून टाका. बाळंतपणात नुकतेच फाटलेले कडे शिवलेच पाहिजे. गुदाशय पूर्ण बाहेर येत असेल किंवा योनीतून मल येत असेल तर शस्त्रक्रियेला पर्याय नाही. पण जुन्या फाटीवरची दुरुस्ती आपण समजतो तितकी टिकाऊ नसते. सेंट मार्क्समध्येच अशी दुरुस्ती झालेल्या ३८ जणांना किमान पाच वर्षांनी तपासले, तेव्हा मल आणि वारा दोन्हींवर पूर्ण ताबा असलेला एकही नव्हता. हे २००० साली प्रसिद्ध झाले. त्यातल्या बऱ्याच जणांना आधीपेक्षा बरे होते हेही नमूद केले पाहिजे. मुद्दा एवढाच की चाकूनंतरही स्नायूला शिकवावेच लागते.

सगळ्यांना उपयोग होत नाही. बरोबर. मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्याला, स्मृतिभ्रंशाने शिकवण समजत नसलेल्याला हे प्रशिक्षण लागू पडत नाही; त्यांच्यासाठी ठरलेल्या वेळी पोट साफ करण्याची शिस्त आणि त्वचेची काळजी हाच उपचार. मलातून रक्त जाते, वजन घटते, पन्नाशीच्या पुढे शौचाची सवय अचानक बदलली आहे, अशांना व्यायाम शिकवत बसणे हा गुन्हा ठरेल. त्यांना आधी आतड्याच्या तपासणीला पाठवले पाहिजे.

६. मग कुठून आणि कोणी

आशाताईंवर आधीच इतकी कामे आहेत की नवे काम सुचवताना कुणालाही संकोच वाटावा. म्हणून त्यांच्याकडे मी फक्त प्रश्न देतो, तपासणी नाही. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातातच. शेवटच्या भेटीत वरचे तीन प्रश्न विचारले आणि एक रकाना भरला, त्याचा मोबदला ठरवून दिला, तर आज जी बाई वीस वर्षांनी सापडते किंवा कधीच सापडत नाही, ती सहा आठवड्यांत सापडेल. म्हाताऱ्यांना आणि मधुमेहींना हेच प्रश्न रक्तदाब-साखर तपासणीच्या दिवशी विचारता येतात.

तपासणी आणि पहिली पायरी प्राथमिक आरोग्य केंद्रात. मल कडक अडकलेला नाही ना हे बोटाने पाहणे. पातळ होत असेल तर कारण शोधणे, इसबगोलाने तो बांधून आणणे, गरजेप्रमाणे लोपेरामाइड. जेवणानंतर आतड्याची हालचाल वाढते तिचा फायदा घेऊन नाश्त्यानंतर ठरलेल्या वेळी बसण्याची सवय लावणे. मग व्यायाम, आणि तो तपासणाऱ्या सिस्टरच्या बोटाभोवती. बोटाला आवळ जाणवतो, किती सेकंद टिकतो ते कळते, रोगी ढकलतोय की ओढतोय हे कळते, आणि ‘हे बरोबर, आत्ता केलंत तसंच’ हे वाक्य त्याच क्षणी सांगता येते. ते वाक्य म्हणजेच बायोफीडबॅक. बाईचे प्रशिक्षण बाईनेच करावे, दार लावलेल्या खोलीत, ही अट सैल करू नये.

चाहुलीच्या प्रशिक्षणालाही दरवेळी संगणक लागत नाही. त्याचा मूळ सरंजाम फुगा, नळी आणि सिरिंज एवढाच आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला नळीला कंडोम बांधून त्याचा फुगा करण्याची युक्ती बांगलादेशच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी रूढ केली आणि ती भारतातल्या प्रसूतिगृहांतही पोहोचली. जिथे जीव वाचवायला असा फुगा चालतो तिथे प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली जाणीव शिकवायला साधा फुगा का चालू नये, याचे उत्तर मला सापडत नाही. हे काम तालुका पातळीवर, शहापूर आणि मुरबाडच्या रुग्णालयांत, आठवड्यातून एक ठरलेला वार लावून होऊ शकते. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या ज्येष्ठांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात फिजिओथेरपीला जागा आहेच. ती गुडघे आणि पाठीपुरती समजली जाते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा रोख मुख्यतः दाखल होऊन करायच्या उपचारांवर असल्यामुळे, सहा वेळा येऊन शिकून जाण्याचा उपचार तिच्या चौकटीत बसत नाही. शस्त्रक्रियेला पैसे मिळतात आणि शिकवण्याला मिळत नाहीत, ही धोरणातली चूक आहे आणि ती राज्य पातळीवरच दुरुस्त होईल.

दाब मोजणारे यंत्र ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात किंवा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एक असले तरी दोन्ही तालुक्यांना पुरेल, कारण तिथवर जाणारे रोगी खालच्या पायऱ्यांवरून गाळून आलेले असतील. त्यांना पाठवताना प्रवासाचा खर्च आणि सोबत आशाताई देता येईल. कुठल्या स्टेशनवर शौचालय उघडे असते हेही कागदावर लिहून देता येईल.

वेळापत्रक मात्र इथल्या वर्षाप्रमाणे लावावे लागेल. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. नोव्हेंबरात सुरू केलेले प्रशिक्षण पहिल्या बैठकीनंतरच सुटेल. जूनमध्ये पाड्यावर परतल्यावर विचारपूस, आवणी उरकल्यावर ऑगस्टपासून बैठका आणि दिवाळीआधी शेवटची तपासणी, असा क्रम त्यांना झेपेल. पावसाळ्यात ओढे भरून पाडे तुटतात, म्हणून त्या बैठका तालुक्याला न ठेवता जवळच्या उपकेंद्रात ठेवाव्या लागतील आणि सिस्टरने तिकडे जावे लागेल. भट्टीवर गेल्यावर व्यायाम चालू ठेवायला आडोसा आणि पाणी कुठून मिळणार, हा प्रश्न आरोग्य खात्याइतकाच भट्टीमालकाचा आणि कामगार खात्याचा आहे, आणि तो त्यांच्यापुढे लेखी मांडला पाहिजे.